तपासणीच्या कागदावर नर्स कुठे आहे?

नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी राज्यातली वैद्यकीय, आयुर्वेद, युनानी, नर्सिंग अशी महाविद्यालये जोडलेली आहेत. आपल्या मालेगावचे मन्सुऱ्याचे तिब्बिया कॉलेजही त्यातच येते. २०१९ साली या विद्यापीठाने एक निर्णय घेतला. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला न्यायवैद्यकशास्त्र हा विषय असतो. त्यातला 'कौमार्याची लक्षणे' हा भाग अभ्यासक्रमातून काढून टाकण्यात आला. वर्तमानपत्रांत छोटी बातमी आली आणि विसरलीही गेली.

ती बातमी छोटी नव्हती. तिच्यामागे जवळजवळ सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. अत्याचार झालेली बाई दवाखान्यात आली की तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहायचे, काय विचारायचे, काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही, याचा तो इतिहास आहे. या सगळ्या काळात त्या बाईच्या उशाशी सर्वात जास्त वेळ जी उभी होती, त्या नर्सचे नाव मात्र त्यात कुठेच सापडत नाही. आज मला तिच्याबद्दल लिहायचे आहे.

आधी पुस्तकाबद्दल बोलू. आपल्याकडे न्यायवैद्यकशास्त्र इंग्रजांबरोबर आले. मुंबईत सरकारी रासायनिक विश्लेषक असलेले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे आय. बी. लायन यांनी खास हिंदुस्थानसाठी लिहिलेले या विषयाचे पाठ्यपुस्तक १८८९ साली निघाले. पुढे अनेक वर्षे डॉक्टर अशाच पुस्तकांवर तयार झाले. या परंपरेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. 'नेटिव्ह' माणसाची साक्ष भरवशाची नसते, म्हणून त्याचे शरीर काय सांगते ते बघा. बाईच्या बाबतीत हा संशय दुप्पट होई. अंगावर जखम नाही, म्हणजे प्रतिकार केला नाही. योनिपटल आधीच फाटलेले आहे, म्हणजे ती 'तसलीच' आहे. कायदाही सोबतीला होता. १८७२ च्या पुरावा कायद्यात, बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईचे चारित्र्य वाईट आहे असे दाखवून तिची साक्ष खोडून काढण्याची मुभा आरोपीला दिलेली होती. ते कलम स्वातंत्र्यानंतरही पन्नासहून अधिक वर्षे टिकले आणि एकविसावे शतक उजाडल्यावर रद्द झाले.

पुस्तकातली ही ओळ प्रत्यक्षात काय करते, ते महाराष्ट्राने १९७२ साली पाहिले. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या (आता तो भाग गडचिरोलीत आहे) देसाईगंज पोलीस ठाण्यात २६ मार्चच्या रात्री एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची तक्रार झाली. खटला 'मथुरा प्रकरण' म्हणून ओळखला जातो. मुलीचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान असल्याचे डॉक्टरांनी लिहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तपासणी झाली. अंगावर जखमा नाहीत, योनिपटलावर जुन्या खुणा आहेत आणि दोन बोटे सहज जातात, अशी नोंद झाली. १९७४ साली सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, कारण मुलीला शरीरसंबंधांची सवय होती असे मानले गेले. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, पण सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जखमा नाहीत हा मुद्दा तिथेही तिच्या विरोधातच गेला.

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. या इतिहासातला हा भाग बहुतेकांना माहीत असतो. पण कायदा बदलला तरी दवाखान्यातला फॉर्म बदलला नाही. दोन बोटांची ती चाचणी पुढची तीस वर्षे तशीच चालू राहिली.

मथुरा प्रकरणात सत्र न्यायालयाचा निकाल लागायच्या आधीच मुंबईत दुसरी घटना घडली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या तरुण नर्सवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे तिच्या मेंदूला इजा झाली. आरोपीवर चोरी आणि खुनाचा प्रयत्न एवढेच आरोप ठेवले गेले. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. तो सात वर्षांची शिक्षा भोगून सुटला. देसाईगंजच्या मुलीच्या शरीराबद्दल नको ते लिहिले गेले, आणि अरुणाच्या शरीराबद्दल जे लिहायला हवे होते तेच लिहिले गेले नाही. दोन्ही वेळा कागदाने न्यायाची वाट अडवली.

अरुणा १८ मे २०१५ पर्यंत जिवंत होती. म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षे. इतका काळ तिला खाऊ घालणे, कूस बदलणे, स्वच्छ ठेवणे हे सगळे केईएमच्या नर्सनी केले. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली. २००९ साली तिच्या दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा याच नर्सनी त्याला विरोध केला. आपल्या नर्सना काळजी घेणे शिकवावे लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. पण पुरावा जपणे, नोंद करणे आणि ती नोंद न्यायालयात सांगणे हा नर्सच्या कामाचा भाग आहे, असे त्या वेळी आपल्याकडे कुणाच्या मनातही नव्हते.

योगायोग असा, की नेमक्या याच वर्षांत अमेरिकेत तो विचार सुरू झाला होता. ॲन बर्जेस या मानसोपचार क्षेत्रातल्या नर्सने समाजशास्त्रज्ञ लिंडा होल्मस्ट्रॉम यांच्यासोबत बोस्टनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या अत्याचारग्रस्त स्त्रियांशी बोलून अभ्यास केला. १९७४ साली तो प्रसिद्ध झाला. अत्याचारानंतर बाई रडेलच असे नाही. ती शांत दिसेल, हसेल, तिला काही आठवणार नाही, झोप उडेल, आणि हे सगळे त्या धक्क्याचेच परिणाम असतात, असे त्यांनी मांडले. 'हिला तर काहीच झालेले दिसत नाही' असे म्हणणाऱ्या डॉक्टरला, पोलिसाला आणि न्यायाधीशाला ते उत्तर होते.

दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, मेम्फिस शहरात अशा रुग्णांची तपासणी प्रशिक्षित नर्सने करायची पद्धत सुरू झाली. पाठोपाठ मिनीॲपोलिस आणि अमरिलो या शहरांतही ती आली. कारण साधे होते. अपघात विभागातला डॉक्टर छातीत कळ आलेल्या माणसाकडे आधी धावतो, आणि ही बाई तासन् तास बाकावर बसून राहते. लघवीला जायची बंदी, पाणी प्यायची बंदी, कपडे तेच. शेवटी येणाऱ्या डॉक्टरने असे काम पूर्वी केलेलेच नसते. त्यापेक्षा एक नर्स या कामासाठीच तयार केली तर? १९९२ साली अशा नर्सची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज तिथे या कामासाठी किमान चाळीस तासांचे वर्गातले शिक्षण, मग प्रत्यक्ष सराव, मग प्रमाणपत्र परीक्षा असा रस्ता आहे. प्रौढांसाठी वेगळे प्रमाणपत्र, लहान मुलांसाठी वेगळे. ती नर्स स्वतः तपासणी करते, स्वतः सही करते आणि न्यायालयात स्वतः साक्ष देते.

आता परत महाराष्ट्रात येऊ. आपल्याकडचा बदल ज्या विदर्भात मथुरा प्रकरण घडले, त्याच विदर्भातून आला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकशास्त्राचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० साली अशा तपासण्यांच्या दर्जावर एक अहवाल लिहिला. त्याच्या आधारे डॉ. रंजना पारधी आणि इतरांनी नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. मुंबईत 'सेहत' ही संस्था महापालिकेच्या रुग्णालयांबरोबर आधीपासून हे काम करत होती. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी 'दिलासा' केंद्र उभे राहिले होते, आणि २००८ पासून लैंगिक अत्याचाराच्या रुग्णांसाठी काही रुग्णालयांत उपचार, आधार आणि पुरावा या तिन्हींचा एकत्र विचार सुरू झाला होता.

मग दिल्लीची डिसेंबर २०१२ ची घटना घडली आणि पाच-सहा वर्षांत होणारी कामे पाच-सहा महिन्यांत झाली. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये दोन बोटांची चाचणी बंद करा असे सांगितले. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती स्त्रीच्या खासगीपणावर आणि प्रतिष्ठेवर घाला घालणारी ठरवली. कायद्यात नवे कलम आले. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा रुग्णावर ताबडतोब आणि मोफत उपचार केलेच पाहिजेत. नाकारले तर एक वर्षापर्यंत कैद. महाराष्ट्राने त्याच वर्षी 'मनोधैर्य' योजना सुरू केली. २०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे आणि नवा फॉर्म काढला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल आणि अभ्यासक्रम तपासून पाहा. नाशिकच्या विद्यापीठाने ती ओळ तीन वर्षे आधीच खोडली होती, हे आपण नाशिककरांनी अभिमानाने सांगायला हरकत नाही. पण जुनी ओळ किती चिवट असते तेही पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्य पुन्हा शिरले, आणि गदारोळ झाल्यावर काही दिवसांत तो कागद मागे घ्यावा लागला.

२०१४ च्या त्या तत्त्वांप्रमाणे तपासणी कशी व्हायला हवी, हे प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे, म्हणून थोडक्यात सांगतो. पोलिसांत तक्रार आधी असलीच पाहिजे असे नाही. बाई सरळ दवाखान्यात जाऊ शकते. उपचार आधी, पुरावा नंतर. प्रत्येक टप्प्यावर तिची संमती घ्यायची. तपासणी नको पण उपचार हवेत, असे ती म्हणू शकते. पोलीस खोलीत थांबू शकत नाहीत. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात, म्हणून उशीर झाला तरी जायचे. कपडे काढताना खाली कागद अंथरायचा, ओला स्वॅब सावलीत वाळवायचा, पाकिटावर नाव, वेळ, सही घालायची, लाखेने मोहोर लावायची आणि कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेले याची नोंद ठेवायची. एचआयव्ही टाळणारे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवे. गर्भ राहू नये म्हणून गोळी द्यायची. मग समुपदेशन आणि पुन्हा पुन्हा तपासणीला बोलावणे.

आता ही यादी पुन्हा वाचा आणि सांगा, यातली किती कामे प्रत्यक्षात नर्सच्या हातून होतात? कपडे बदलायला मदत तीच करते. चादर तीच धरते. स्वॅब वाळत तीच ठेवते. गोळीची वेळ तीच सांगते. रात्री दोन वाजता बाई दचकून उठली तर तीच येते. पण कायदा म्हणतो, ही तपासणी 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' म्हणजे डॉक्टर करेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत अहवाल सात दिवसांत देण्याची मुदत आली, पण हा शब्द तोच राहिला. महिला डॉक्टर नसेल तर पुरुष डॉक्टरने एका स्त्री मदतनिसाच्या उपस्थितीत तपासावे, असे तत्त्वे सांगतात. म्हणजे नर्स कागदावर आली तर ती 'हजर असलेली बाई' म्हणून येते. वाळवलेला स्वॅब इथे नाशिकच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोहोचतो, आणि ज्या हातांनी तो जपला त्यांच्याबद्दल खटल्यात कुणी विचारत नाही.

कागद नीट होणे किती मोलाचे असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. बिल्किस बानो यांचा खटला २००४ साली गुजरातबाहेर मुंबईत आणला गेला. २००८ मध्ये अकरा जणांना जन्मठेप झाली. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट केली. खालच्या कोर्टाने सोडून दिलेले पोलीस आणि शवविच्छेदन करणारे दोन डॉक्टर यांनाही दोषी ठरवले. पुरावा बिघडवणे हा निष्काळजीपणा नाही, गुन्हा आहे, हे त्या निकालाने सांगितले. म्हणून पुरावा जपायला शिकलेले, कुणाच्या दबावाला न भिणारे हात प्रत्येक सरकारी दवाखान्यात हवेत, ही मागणी कुठल्या एका धर्माची नाही. पण ती करण्याचे कारण आपल्याला जास्त नीट कळते.

मी भाषेचा शिक्षक आहे, म्हणून एक भाषेची गोष्ट. उर्दू वर्तमानपत्रांत या गुन्ह्याला 'इस्मत-दरी' म्हणतात. इस्मत म्हणजे पावित्र्य, दरी म्हणजे फाडणे. मराठीत 'शीलभंग' म्हणतात किंवा 'अब्रू लुटली' म्हणतात. अब्रू हा शब्द फारसीतला, आब-रू, चेहऱ्यावरचे पाणी. दोन्ही भाषांत गुन्हा पुरुषाने केला, पण गेले ते बाईचे. पावित्र्य तिचे फाटले, शील तिचे मोडले, पाणी तिचे उतरले. दोन बोटांची चाचणी आकाशातून पडलेली नव्हती. या शब्दांनाच डॉक्टरी कोट घातला की ती चाचणी तयार होते. म्हणून मला 'जिन्सी ज़्यादती' किंवा 'लैंगिक अत्याचार' हे शब्द बरे वाटतात. त्यात करणारा दिसतो.

आणि तत्त्वे सांगतात, की बाईचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहा. मालेगावची बाई म्हणेल, 'उसने मेरे साथ गंदा काम किया.' पेठ-सुरगाण्याची बाई आपल्या कोकणी बोलीत सांगेल. ते इंग्रजीत एका ओळीत उतरवले की त्यातली जबरदस्ती गळून जाते आणि नुसता 'संबंध' उरतो. जी नर्स त्या मोहल्ल्यातून, त्या पाड्यावरून आली आहे, तिला तो शब्द कळतो. संमती म्हणजे काय, हे तीच त्या बाईला तिच्या भाषेत समजावू शकते. अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे.

आता मुद्द्याच्या आशेच्या बाजूकडे येतो. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली बीएस्सी नर्सिंगचा नवा अभ्यासक्रम आणला. त्याच्या पाचव्या सत्रात 'फॉरेन्सिक नर्सिंग आणि भारतीय कायदे' हा विषय आला. वीसच तासांचा आहे, पण आहे. महाराष्ट्रात त्याची परीक्षा महाविद्यालय घेते आणि गुण नाशिकच्या विद्यापीठाकडे पाठवते. ज्या शहरातून जुनी ओळ खोडली गेली, त्याच शहरातून नवी ओळ शिकवली जात आहे. रस्ता असा आहे: बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-जीवशास्त्र घेऊन. मग नर्सिंगची सीईटी, चार वर्षांची बीएस्सी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. ज्यांनी तीन वर्षांचे जीएनएम केले, त्यांना पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. त्यानंतर परिषदेच्या यादीत फॉरेन्सिक नर्सिंगची एक वर्षाची पदविका आहे. एमएस्सी करून शिक्षिका होता येते.

खरी अडचण यापुढे आहे. पदविका घेतलेल्या मुलीला 'फॉरेन्सिक नर्स' म्हणून नेमणारे पद जिल्हा रुग्णालयाच्या आस्थापनेवर नाही. ती आज मेडिसिन वॉर्डला, उद्या प्रसूती कक्षाला. शिकलेले वापरायला मिळाले तर नशीब. सखी वन स्टॉप सेंटर, बालकांसाठीची कामे, समुपदेशन, संस्थांचे प्रशिक्षण इथे हे शिक्षण उपयोगी पडते, पण सरकारने दिलेली वाट म्हणून नाही. म्हणून मागणी दोन गोष्टींची हवी. एक, प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात या कामासाठी तयार केलेल्या नर्सचे पद, चोवीस तास पाळीपाळीने. दोन, तपासणीच्या फॉर्मवर तिच्यासाठी स्वतंत्र रकाना: तिने काय केले, किती वाजता केले, आणि तिची सही. डॉक्टरची जागा तिला द्या असे मी म्हणत नाही. जे ती करतेच आहे, ते तिच्या नावाने लिहा, एवढेच.

काही पालक म्हणतात, नर्सिंग आपल्या मुलींसाठी नाही. रात्रपाळी असते, परक्या पुरुषांची सेवा करावी लागते. त्यांना मी रुफैदा अल-अस्लमिया रजि. यांची आठवण देतो. खंदकाच्या लढाईत साद बिन मुआज रजि. जखमी झाले, तेव्हा त्यांना मस्जिदीतल्या रुफैदा यांच्या तंबूत ठेवण्यात आले. मस्जिदीच्या आवारात ज्यांच्या तंबूला जागा मिळाली, त्यांच्या कामाला आपण कमी लेखावे हे बरे दिसत नाही. आणि दुसरी गोष्ट. आपल्या घरातली एखादी लेक कधी त्या बाकावर बसायची वेळ आली, अल्लाह न करो, तर तिच्या शेजारी तिची भाषा जाणणारी, घाबरू नको म्हणणारी आणि स्वॅब नीट वाळवून मोहोर लावणारी बाई असावी असे प्रत्येकाला वाटेल. ती बाई कुणाच्या तरी घरातून यावी लागेल. बारावीचा निकाल लागला की मुलीचा फॉर्म भरताना या विषयावर घरात एकदा बोला.